फुस्स पाईपची

दिंडोरी नाक्याजवळच्या आमच्या कोपऱ्यावर दिवसातून एकदा तरी सगळा आवाज थांबतो. रिक्षावाले इंजिन बंद करतात. चहावाला स्टोव्ह बारीक करतो. मी हार बांधता बांधता प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला हात तसाच ठेवते. कुणी गेलेलं नसतं, कुणी मंत्री येणार नसतो. उस्मानचाचांनी बोट वर केलेलं असतं.

"गप," ते म्हणतात. "हवा बोलतेय."

मग ते कुठल्यातरी मोठ्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाशी गुडघे टेकून बसतात आणि शॉकअपला कान लावतात. डोळे मिटलेले, दाढी जवळजवळ चेनमध्ये. एकदा अशा वेळी एका म्हाताऱ्या गृहस्थांना शिंक आली. चाचांनी डोळे उघडून त्यांच्याकडे असं बघितलं, की ते "सॉरी" म्हणून रस्ता ओलांडून गेले आणि पुढची शिंक तिकडे शिंकले.

चाचा शॉकअप दुरुस्त करतात, पण सगळे नाही. साधा स्प्रिंगचा शॉकअप घेऊन कुणी आलं तर ते न बोलता समोरच्या गॅरेजकडे बोट दाखवतात. ते फक्त हवेच्या शॉकअपचं काम करतात. काही मोठ्या गाड्यांच्या मागच्या शॉकअपमध्ये हवा भरायची असते. त्यासाठी एक छोटा पंप येतो, सायकलच्या पंपाचा धाकटा भाऊ म्हणा. त्याला बारीक पाईप आणि वर घड्याळासारखा काटा. तो पंप बिघडला किंवा हवा टिकेना झाली, की माणूस फिरत फिरत शेवटी चाचांकडे येतो. अशा गाड्या आमच्या भागात मोजक्याच. त्यामुळे चाचा पोटापाण्यासाठी सकाळी पंक्चर काढतात. पण ते कुणाला सांगितलेलं त्यांना आवडत नाही.

माझं हारांचं टेबल त्यांच्या दुकानाला लागूनच आहे. नऊ वर्षं झाली. आमचं शेत मखमलाबादकडे, झेंडू आणि शेवंती. फवारणीचा पंप मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाठीवर घेतलेला आहे, म्हणून चाचांचं बोलणं मला थोडं थोडं कळतं. आमच्या पंपाचा दाब बसेना की मी तो त्यांच्याकडे आणते. ते पाईपच्या तोंडावर अंगठा दाबतात आणि दांडा ढकलतात. दांडा उसळून वर आला तर पंप निरोगी. हळूहळू खाली बसला तर आतलं रबर सुकलंय. मग एरंडेलाचे दोन थेंब. छोटा पंप असो की पाठीवरचा, चाचांची पहिली तपासणी हीच.

"लोक आधी शॉकअप खोलतात," ते म्हणतात. "अरे बाबा, आधी पंपाला विचार. ताप मोजायच्या आधी थर्मामीटर फुटलंय का बघशील की नाही?"

दुसरं म्हणजे पेट्रोलपंपावरच्या हवेचं नाव काढायचं नाही. शॉकअपमध्ये हवा लागते मूठभर. ती मोठ्या मशीननं भरणं म्हणजे तान्ह्या बाळाला बादलीनं दूध पाजणं. तसं करून आलेला माणूस असला तर चाचा त्याला चहासुद्धा विचारत नाहीत.

गळती शोधायला त्यांना फेस लागतो. साबणाचा नाही, साबणानं रबर मरतं असं त्यांचं म्हणणं. रिठ्याचा. रिठे उकळून पाणी करायचं, सांध्यावर मारायचं आणि बुडबुडा कुठे येतो ते बघायचं. आता पाणी मारायला बाटली लागते आणि तशी बाटली माझ्याकडे, हारांवर पाणी शिंपडायची. एका सकाळी चाचांनी मला न विचारता ती घेतली आणि रिठ्याचं पाणी भरून परत ठेवली. त्या दिवशी जवळच्या शाळेतल्या एका सरांचा निरोप समारंभ होता. सात हार माझ्याकडून गेले, मी चांगले टवटवीत करून दिले. समारंभ मैदानात होता आणि भुरभुर सुरू झाली. सर भाषणाला उभे राहिले आणि त्यांच्या छातीवर फेस चढायला लागला. सर म्हणत होते, "माझं मन आज भरून आलं आहे," आणि फेस दाढीपर्यंत आला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई तो हार घेऊन भांडायला आला. चाचांनी हार हातात घेतला, चारी बाजूंनी बघितला.

"फेस सगळीकडे सारखा आहे," ते शिपायाला म्हणाले. "म्हणजे हार कुठे लीक नाही."

तेव्हापासून दोन बाटल्या आहेत. लाल बुचाची त्यांची, पांढऱ्या बुचाची माझी.

आता भिंतीचं सांगते. दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर चाचांच्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं आहेत. माझं शिक्षण चौथी, पण अक्षर बरं, म्हणून ती मीच ऑइलपेंटनं लिहिलेली. नावापुढे दोन आकडे. एकटे असताना किती पौंड हवा आणि मागे कुणी बसलं तर किती. हवा वजनावर ठरते ना. सगळ्यात वर पहिली ओळ चाचांची स्वतःची. त्यांच्याकडे एक जुनी गाडी आहे, तिला त्यांनी भंगारातल्या परदेशी गाडीचे हवेचे शॉकअप बसवलेत. ओळ अशी आहे: "उस्मान. एकटा अठरा. नसरीन मागे, पंचवीस." नसरीन म्हणजे त्यांची मुलगी. आई लवकर गेली, म्हणून ती याच दुकानात वाढली. गळती ऐकण्यात तिचा कान चाचांपेक्षा तिखट होता. हारातली तुटलेली फुलं मी तिच्या वेणीत खोचायची.

या भिंतीपायी चाचांना एक खोड लागली होती. माणूस दिसला की त्याचं वजन सांगायचं. काट्यावर चढवा, अर्धा किलो इकडेतिकडे. गिऱ्हाइकाचं ठीक, पण ते कुणाचंही सांगायचे. गल्लीतल्या बायका त्यांच्या दुकानापुढून भरभर चालायच्या, म्हणजे वजन करायला वेळ मिळू नये. एकदा एक गिऱ्हाईक बायकोला घेऊन आलं. चाचांनी भिंतीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं.

"मागच्या वेळी मागची सवारी पंचावन्नची होती," ते म्हणाले. "आज सत्तर आहे. हवा वाढवावी लागेल."

त्या बाईंनी नवऱ्याकडे जे बघितलं, तो दाब कुठल्या काट्यावर मावला नसता. मागच्या वेळची ती त्याची बहीण होती हे सांगून पटेना. शेवटी रविवारी बहिणीला निफाडहून यावं लागलं. तिला रस्त्यात उभी करून चाचांनी निकाल दिला, "हीच. पंचावन्न."

पण दोन वर्षांपूर्वी ही खोड एकदम बंद झाली. ते का, ते पुढे येईल.

त्यांचा खरा मंत्र वेगळाच आहे. दिंडोरीकडचे एक द्राक्षवाले साहेब आहेत, लाल गाडीचे. ते एकदा चिडून आले. "चाचा, तुमचा पंप बेकार आहे. रोज हवा बघतो, रोज कमी भरते. आणि पंप काढताना फुस्स करून हवा जातेच."

चाचांनी बोट वर केलं. कोपरा गप झाला. चाचांनी पंप लावला, काढला. फुस्स झालं.

"ही फुस्स कुणाची?"

"शॉकअपची."

"नाही. पाईपची. पाईपात राहिलेली हवा गेली. शॉकअपचं तोंड आधीच मिटलंय. आवाज होतो म्हणून आतली हवा जाते असं नाही, साहेब."

"मग रोज कमी का दिसते?"

चाचांनी साहेबांसाठी आलेला चहा उचलला. "गरम आहे का बघतो," म्हणून एक घोट घेतला. "साखर आहे का बघतो," म्हणून दुसरा. "आलं टाकलंय का?" तिसरा. आणि कप साहेबांपुढे ठेवला. "बघा, कपाला भोक आहे का. चहा अर्धा झाला."

साहेब कपाकडे बघत राहिले.

"पंप लावला की रिकामा पाईप आधी स्वतःचा घोट घेतो, मग काटा दाखवतो. तुम्ही रोज बघता, म्हणून रोज घोट जातो. गळती तुम्ही आहात. महिन्यातून एकदा बघा. आणि भरवसा ठेवा."

साहेब गेले, पण त्यांची खात्री काही पटली नाही. अजून ते दर दोन आठवड्यांनी येतात. मला मात्र ते बोलणं कामाला आलं. सासूबाई सकाळी भांडी आपटायला लागल्या, की मी मनात म्हणते, ही फुस्स पाईपची. आतली हवा शाबूत आहे.

नसरीनचं लग्न तीन वर्षांपूर्वी येवल्याला झालं. घर पैठणी विणणाऱ्यांचं, माणसं चांगली. ती सासूकडून माग शिकली. चाचा दर सोमवारी, दुकान बंद असलं की, गाडी काढून तिला बघायला जायचे. जेवलीस का, झोप होते का, सासू ओरडते का, नवरा नीट बोलतो का. सासूसमोरच विचारायचे. वर्षभर असं चाललं. मग एका सोमवारी ती दारात आली आणि चाचा सगळ्या घरादारादेखत म्हणाले, "तीन किलोनं उतरली पोरगी. माझ्या घरून एकोणपन्नास गेली होती."

सासू काही ऐकून घेणारी नव्हती. शेजारी कांद्याचा व्यापारी. तिनं त्याचा काटा अंगणात आणवला आणि सुनेला त्यावर उभी केली. गल्ली जमली. काटा सेहेचाळीसवर थांबला. चाचा बरोबर निघाले आणि तिथेच चुकले. नसरीन काट्यावरून उतरली. रडत नव्हती, ते वाईट.

"अब्बा, मी कांद्याची गोणी आहे का?" ती म्हणाली. "आता येऊ नका. मी बोलवीन तेव्हा या."

हे मला चाचांनीच सांगितलं, पण एकदम नाही. एक वाक्य मंगळवारी, एक पुढच्या महिन्यात, असं. त्या दिवसापासून त्यांनी कुणाचं वजन सांगितलं नाही. आणि नसरीननं बोलावलं नाही. फोन यायचा ईदेला. सलाम व्हायचा, ख्यालीखुशाली व्हायची, पण "या" हा शब्द यायचा नाही. चाचा फोन ठेवून म्हणायचे, "बोलवेल." मग लाल बुचाची बाटली उगाच हलवून बघायचे.

दर सोमवारी ते गाडी घेऊन जायचे मात्र. कुठे, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "शॉकअप तपासायला खराब रस्ता लागतो." नाशिकला खराब रस्ता मिळत नाही असं मला कधी वाटलं नव्हतं.

दोन-तीन आठवड्यांपूर्वी येवल्याला माझ्या बहिणीचा पाय मोडला. मला जायचं होतं. चाचा म्हणाले, "सोमवारी मी त्याच बाजूला जातो. चला." परक्या माणसाच्या गाडीवर बसायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण सासूबाईंना बहिणीकडे पापडांचा डबा पाठवायचा होता, त्यामुळे परवानगी लगेच मिळाली. निघताना चाचांनी माझ्याकडे एक नजर टाकली, डब्याकडे टाकली आणि पंपाचे पाच दांडे मारले.

"आकडा मला माहीत आहे," ते म्हणाले. "बोलणार नाही."

दोन तासांनी येवल्यात शिरलो. बहिणीचं घर डावीकडे, चाचा उजवीकडे वळले. एका गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली गाडी बंद केली आणि बोट वर केलं. मी गप बसले. गल्लीतल्या तिसऱ्या घरातून माग ऐकू येत होता. खट्, खटाक. खट्, खटाक. चाचांनी डोळे मिटले.

म्हणजे दर सोमवारी नाशिकहून येवला, ते यासाठी.

"चालू आहे," ते हळूच म्हणाले. मग कपाळाला आठी पडली. "पाय बदललाय. पायाखालच्या फळीवर वजन जास्त पडतंय. आठ किलो..." आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"आत चला ना," मी म्हटलं.

"बोलावलं नाही."

आता दोन तास गाडीवर बसल्यावर बाईमाणसाला पाण्यापेक्षा दुसरीच अडचण असते. ती चाचांना सांगता येईना. मी म्हटलं, "मला तहान लागलीय," आणि उतरून त्या घराकडे चालायला लागले. मागून चाचा "त्या घरात नको, मंदाताई" म्हणत होते, पण अडचण मोठी होती.

आत नसरीन मागावर होती. पुढे जांभळं रेशीम पसरलेलं आणि तिच्या मांडीला पोट टेकलेलं. मला बघून तिनं हात थांबवला नाही.

"मावशी, बसा. दोन मिनिटं. थांबवता येत नाही."

सासू मागच्या दारातून आली. मला न्हाणीघर दाखवलं, पाणी दिलं, मग तक्रार केली. "सातवा लागलाय. बाकीचे दिवस मी हिला मागावर बसू देत नाही. सोमवारी ऐकत नाही. अकरा वाजले की बसते, पाव तास. वीतभरही विणून होत नाही त्यात."

मी नसरीनकडे बघितलं.

"अब्बांची गाडी मी झोपेतसुद्धा ओळखते, मावशी," ती म्हणाली. "लिंबाखाली येते आणि बंद होते. दोन वर्षं झाली. त्यांना ऐकू जावं म्हणून बसते. तुम्ही सांगू नका हं. कळलं तर लाजून यायचे थांबतील."

"मग बोलव की गं."

"काय म्हणून बोलवू? मीच नको म्हटलं होतं. आता फोन हातात घेते आणि नुसता सलाम करते." फळी खाली गेली, वर आली. "पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं ना. ते न्यायला यायला पाहिजेत. मी कसं म्हणू, की न्यायला या?"

"येऊ दे की," सासू म्हणाली. "काटा शेजारीच आहे. या वेळीही मीच आणते." पण ती हसत होती.

नसरीननं थोडा विचार केला. "पुढच्या सोमवारी मी मागावर बसणारच नाही," ती म्हणाली. "माग बंद ऐकला की घाबरतील. घाबरले की आत येतील. मग मी काही बोलायला नको."

मी बाहेर आले. चाचांनी एकही प्रश्न विचारला नाही. बहिणीकडे सोडलं, संध्याकाळी घेतलं. विंचूरच्या पुढे त्यांनी गाडी हळू केली.

"मंदाताई, एक विचारू?"

"विचारा."

त्यांनी एक खड्डा हळूच चुकवला.

"नको," ते म्हणाले. "घोट जातो."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. गिळलं. पापडाचा रिकामा डबा मांडीवर घट्ट धरून बसले.

शनिवारी दुपारी चाचा ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "भिंतीवर एक ओळ लिहायची आहे. माझ्या ओळीच्या खाली."

मी ब्रश घेतला. "सांगा."

"नसरीन," ते म्हणाले. "आणि."

"आणि?"

"आणि. पुढे रेघ मारा."

मी रेघ मारली. "आकडा किती?"

साऱ्या गल्लीचं वजन डोळ्यांनी करणारे चाचा त्या रेघेकडे बघत राहिले. मग दुकानाच्या फडक्याचा कोपरा घेऊन रेघेखाली ओघळलेला रंग टिपला.

"मोकळा ठेवा," ते म्हणाले.

सोमवारी ते नेहमीच्या वेळी निघाले. मी हारांवर पाणी मारत होते, पांढऱ्या बुचाची बाटली. स्पीडब्रेकरवर त्यांची गाडी मऊ बसली आणि मऊ उठली. अठरा पौंड, एकटा. एरवी ते तीनपर्यंत परत येतात. त्या दिवशी तीन वाजले, पाच वाजले, मी टेबल आवरलं तरी आले नाहीत.

मंगळवारीही शटर खाली. नऊ वर्षांत असं मी बघितलं नव्हतं. दहाच्या सुमाराला दिंडोरीचे साहेब लाल गाडी घेऊन आले.

"चाचा कुठे आहेत?"

"मुलीकडे."

"कधी येणार?"

"माहीत नाही."

"अहो, पंप काढताना पुन्हा फुस्स होतंय." त्यांनी तिथेच पंप लावला आणि मला दाखवायला काढायला लागले.

मला माझंच नवल वाटतं, पण मी बोट वर केलं. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. फुस्स झालं.

"पाईपची आहे," मी म्हटलं. "घरी जा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, पंप खिशात घातला. जाता जाता भिंतीपाशी थांबले. आपला आकडा बघून झाल्यावर त्यांची नजर वर गेली. "ही दुसरी ओळ नवी दिसते. आकडा लिहायचा राहिला का?"

"राहिला नाही," मी म्हटलं. "वजन अजून यायचंय."